गाडी कोण चालवत होतं

गेल्या रविवारपर्यंत ही गोष्ट दोनच माणसांना ठाऊक होती. एक मी आणि दुसरे दस्तगीरभाई. आम्ही ती एकमेकांपाशीही कधी काढली नाही. बायकोला मी ती सांगितली नाही, आणि देवापुढं हात जोडून उभा राहिलो तेव्हाही तिच्यावरून अलगद पुढं सरकलो. आता तुम्हाला सांगायला बसलोय, तर पहिली अडचण अशी की सुरुवात कुठून करायची? माणूस आपली चूक सांगायला लागला की आधी स्वतःला बरं दिसेल अशी जागा शोधतो. त्यातून मी कापडवाला. साडी उलगडून दाखवताना डागाची घडी आत कशी ठेवायची, हे मला फार चांगलं जमतं.

तेव्हा आधी दुकानाचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

महाद्वार रोडवर आमचं साड्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. लग्नसराईत गावोगावची माणसं बस्ता बांधायला येतात. एकेक घर म्हणजे दहा-पंधरा माणसं. आत्या, मावश्या, करवल्या, एखादा रुसलेला काका. सकाळी गादीवर बसतात ती दुपारी उठतात. तेवढ्या वेळात काय नुसत्या साड्याच बघतात? सगळं लग्न तिथंच ठरतं. बँड कुणाचा, आचारी कोण, मांडव कुणाकडून घ्यायचा. आणि प्रत्येक वेळी कुणीतरी माझ्याकडं वळून विचारतं, "शेठ, तुमचं काय म्हणणं?" मी म्हणेन ते होतं. वसंतशेठनी सांगितलं म्हटल्यावर माणसं पुन्हा चौकशी करत नाहीत. मला याचा गर्व होता. अजूनही थोडा आहे — नाही कशाला म्हणू?

त्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न हमखास असायचा : नवरीची गाडी कोण आणणार?

बाकीचं वऱ्हाड ट्रकात बसो नाहीतर एस.टी.त, नवरी मोटारीतून जायची. मोटारी तेव्हा कोल्हापुरात फार नव्हत्या. लोक मोटार कसली आहे ते बघायचे, पण त्याहून जास्त बघायचे ती चालवणारा माणूस. ज्याच्या हातून कधी गाडी कुठं लागलेली नाही, अशाच माणसानं नवरी न्यायची — हे कुणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण पाळायचे सगळे. निघताना करवली आधी गाडीला कुंकू लावायची, मग ड्रायव्हरला. त्याला फेटा बांधायचे, हातात नारळ द्यायचे. त्या दिवसापुरता तो घरातला माणूस.

आणि हा मान गावोगाव एकाच माणसाचा होता. दस्तगीरभाईंचा.

दस्तगीरभाई हातकणंगल्याचे. शाहूपुरीत तात्यांच्या भाड्याच्या गाड्या होत्या, त्यावर ते ड्रायव्हर होते. अंगानं किरकोळ, आवाज मात्र असा की रस्त्याच्या पलीकडून हाक मारली तर अलीकडचा माणूस दचकायचा. एवढा मोठा आवाज असलेला माणूस हॉर्न मात्र क्वचितच वाजवायचा. बैलगाडी पुढं असली तर निमूट मागून चालायचे. म्हणायचे, "बैलाला काय ठावं हाय आपल्याला घाई हाय ते?" निम्म्या तालुक्यातल्या लेकी त्यांना मामा म्हणायच्या, कारण त्यांना सासरी सोडून आले होते ते दस्तगीरमामाच. मुसलमान माणसानं आपली नवरी न्यावी का, असा प्रश्न मी कधी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. तारीख काढताना माणसं भटजींना विचारायची आणि लगेच तात्यांकडं जाऊन विचारायची, की त्या दिवशी दस्तगीर मोकळा हाय न्हवं?

हे मी एवढं लांबवतोय ते मुद्दाम. त्यांचं काय गेलं, ते तुम्हाला आधी कळायला हवं.

आता विम्याचं. माझं लग्न होऊन चारदोन वर्षं झाली असतील. कमलचं माहेर बिद्रीच्या पलीकडं, उसाच्या पट्ट्यात. मेव्हण्याचा साखरपुडा होता. कमल आठवडाभर आधीच गेली होती. मी नुकतंच मोटारीचं लायसन काढलं होतं — मोटार नव्हती, पण लायसन होतं. खिशात घेऊन हिंडायचो. साखरपुड्याला जावयानं स्वतः मोटार चालवत जावं, सासऱ्यांच्या दारात उतरावं, असं माझ्या डोक्यात भरलं होतं. आता हसू येतं. तेव्हा येत नव्हतं.

तात्यांकडं गेलो. ओळखीच्या माणसाला ते गाडी नुसतीही द्यायचे, ड्रायव्हरशिवाय. त्यांनी मला दोन गाड्या दाखवल्या आणि विमा समजावून सांगितला. जुन्या गाडीचा विमा साधा, थर्ड पार्टी. ती घेतली तर मी स्वतः चालवू शकत होतो. कुणाला धक्का लागला तर त्याचं कंपनी बघणार, पण गाडीला काही झालं तर ते सगळं माझ्यावर. नवी अँबॅसिडर मात्र फुल विम्याची. तिला काहीही झालं तरी कंपनी भरून देणार. भाडं जास्त. आणि एक अट — चालवायची ती दस्तगीरनंच. विम्यात त्याचं नाव घातलेलं होतं. दुसऱ्या कुणाच्या हातात गाडी असताना काही झालं तर कंपनी हात वर करणार.

"नीट ऐकलंसा न्हवं?" असं तात्यांनी मला दोनदा विचारलं. नीट ऐकलं होतं. हे इथं ठळक सांगतो, कारण पुढं कित्येक वर्षं मी स्वतःला समजावत राहिलो की मला ती अट तेव्हा कळलीच नव्हती. कळली होती.

जुनी गाडी घेतली तर स्वतः चालवता येणार, पण तिचा रंग उडालेला, आणि काही झालं तर मान माझी अडकणार. नवी घेतली तर गाडी झोकात, मान मोकळी, पण चालवणार दुसरा. शहाण्या माणसानं एक काहीतरी निवडलं असतं. मला दोन्ही हवं होतं. मी फुल विम्याची गाडी घेतली आणि मनात ठरवून टाकलं, की गावाच्या अलीकडं दस्तगीरभाईंना बाजूला बसवायचं. शेवटचा एवढासा रस्ता तर. कोण बघतंय?

वाटेत दस्तगीरभाईंशी गप्पा मारत गेलो. गाव जवळ आलं तसं म्हणालो, जरा थांबवा. मग सांगितलं काय ते. ते नाही म्हणाले. मी पुन्हा म्हणालो. ते पुन्हा नाही म्हणाले, आणि जरा चिडूनच, "शेठ, गाडी माझ्या नावावर हाय. मला सोडायची न्हाय." मग मी ते वाक्य बोललो. "विमा फुल आहे ना? मग भिताय कशाला?"

विम्याची अट ठाऊक असलेला माणूस असं कसं बोलू शकतो? बोलतो. समोरच्यानं घाबरट ठरू नये म्हणून आपलं ऐकावं, यासाठी बोलतो. वर मी त्यांना हेही ऐकवलं, की तुमच्या ओळखीनं बस्त्याची गिऱ्हाइकं येतात तशी माझ्या शब्दानं नवरीची गाडीही तुमच्याकडं येते. धमकी नव्हती ती. हसत म्हणालो होतो. पण त्यांना ती धमकीच वाटली असणार, आणि त्यांना तसं वाटावं हेच मला हवं होतं. ते उतरले, गाडीला वळसा घालून आले आणि माझ्या बाजूला बसले.

कारखान्याचा हंगाम चालू होता. उसानं भरलेल्या बैलगाड्या एकामागून एक, आणि रस्त्यावर वाडं आणि पाचट, उसाचा ओला-सुका पाला, सांडलेला. पुढं एक गाडी होती. दस्तगीरभाई म्हणाले, मागनंच चला. मी हॉर्न दिला. एकदा नाही, सारखा. बैल बुजले, गाडी आडवी झाली, मी तिला चुकवायला स्टिअरिंग फिरवलं ते गरजेपेक्षा जास्त फिरवलं. पाचटावरून गाडी घसरली आणि ओढ्यावरच्या मोरीच्या कठड्यावर आदळून निम्मी खाली गेली.

मला खरचटलंसुद्धा नाही. दस्तगीरभाईंची भुवई फुटली होती, डोळ्यात रक्त येत होतं. गाडीवान दूर पुढं बैलांना आवरत होता, त्याची आमच्याकडं पाठ होती. आणि तेवढ्यात दस्तगीरभाई म्हणाले, "उतरा तिकडनं. मी बसतो इकडं."

नाही.

पाहा, लिहितानासुद्धा हात तिकडंच वळला. त्यांनी असं काही म्हटलं नाही. ते गप्प बसले होते, भुवईला रुमाल लावून. म्हणालो ते मी. मी त्यांचा दंड धरून हलवला आणि म्हणालो, "दस्तगीरभाई, तुम्ही इकडं या. लवकर या. माणसं यायच्या आत या." मग एका दमात सगळं सांगितलं. मी चालवत होतो असं कळलं तर कंपनी पैसा देणार नाही, तात्या बुडतील, आणि गाडी माझ्या हातात दिली म्हणून तुमची नोकरी जाईल. तुम्ही चालवत होता म्हटलं तर कुणाचंच काही जाणार नाही. बैल बुजले म्हणायचं. आणि तुमच्या नावाला बट्टा लागू देणार नाही — ते माझ्याकडं लागलं.

किती लवकर सुचलं मला हे सगळं! दुकानात एखादं हिशेबी गिऱ्हाईक आलं तरी एवढ्या लवकर काही सुचत नाही.

त्यांनी माझ्याकडं एकदा पाहिलं. मग जागा बदलली. गाडीवान धावत आला तेव्हा स्टिअरिंगवर दस्तगीरभाई होते, आणि मी रस्त्यावर उभा राहून कपडे झटकत होतो. सासरची माणसं आली. कमल आली. तिनं मला धडधाकट बघितलं आणि रडायला लागली, आणि रडता रडता दस्तगीरभाईंना वाट्टेल ते बोलली. ते ऐकून घेत उभे होते. मी काय केलं? मी कमलला म्हणालो, जाऊ दे, होतं असं एखाद्या वेळी. मोठ्या मनाचा जावई म्हणून त्या दिवशी माझं कौतुक झालं.

पुढं विमा कंपनीचा माणूस येऊन गाडी बघून गेला, पैसे मिळाले, गाडी दुरुस्त झाली. तात्यांनी दस्तगीरभाईंना कामावरून काढलं नाही. म्हणजे मी म्हणालो होतो तसंच झालं की नाही? त्यांची नोकरी राहिली. फक्त पुढच्या लग्नसराईत नवरीच्या गाडीसाठी लोक दुसऱ्या ड्रायव्हरचं नाव घ्यायला लागले. तोंडावर कुणी काही बोललं नाही. नुसतं विचारणं बंद झालं. दस्तगीरभाई तात्यांची गाडी घेऊन बस्त्याची माणसं आणायचे, बाजारहाट करायचे, पेशंट नेऊन सोडायचे. फेटा बांधून घेताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

एवढंच असतं तर कदाचित मी हे लिहायला बसलो नसतो. भीतीनं एकदा खोटं बोललो, झालं ते झालं, असं म्हणून विसरलोही असतो. मी विसरायलाही लागलो होतो.

खरी गोष्ट त्यानंतर दोनेक वर्षांनी घडली. आमच्याच दुकानात.

हातकणंगल्याकडचं एक घर बस्त्याला आलं होतं. त्यांना दस्तगीरभाईच घेऊन आले होते. माणसांना आत बसवलं आणि नेहमीसारखे ते बाहेर पायरीवर चहा घेत बसले. मुलीचे वडील जरा आडदांड गृहस्थ, पण मनानं चांगले. त्यांची थोरली लेक दस्तगीरभाईंच्या गाडीतून सासरी गेली होती आणि तिचं सगळं छान झालं होतं. धाकटीलाही त्यांनीच न्यावं असं त्यांच्या मनात होतं. साड्या बघता बघता ते मला म्हणाले, "शेठ, नवरीची गाडी ह्या दस्तगीरलाच सांगावी म्हणतोय. लोक काय काय म्हणत्यात, पर तुमी त्या गाडीत हुतासा. तुमी सांगा, कसा हाय माणूस?"

यापेक्षा सोपी संधी कुणाला मिळते का? दार उघडून कुणीतरी समोर उभं होतं. मी एवढंच म्हणायचं होतं की द्या, डोळे मिटून द्या. खरं सांगायचीही गरज नव्हती. माझ्या एका शब्दावर त्यांचं गेलेलं सगळं परत आलं असतं. आणि मी तर वचन दिलं होतं.

पण मी चांगलं बोललो असतो तर त्या गृहस्थांनी पुढचा प्रश्न विचारला असता, की मग मोरीत गाडी गेली कशी? तो प्रश्न मला नको होता. नुसता तो प्रश्न टाळायचा म्हणून — दुसरं काही नाही — मी हातातला शालू खाली ठेवला, मान हलवली आणि म्हणालो, "हात गेलाय त्याचा. नवरीची गाडी नका देऊ."

आवाज मी बारीक केला नव्हता. दुकानात बारीक बोलायची मला सवयच नाही. पायरीवर दस्तगीरभाईंनी बशी खाली ठेवलेली मला दिसली. त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. बस्ता झाल्यावर ते आत आले, गठ्ठे उचलून गाडीत ठेवले, आणि जाताना म्हणाले, "येतो शेठ." त्यानंतर ते आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. तात्यांची नोकरीही त्यांनी लवकरच सोडली.

हा माझा गुन्हा. मोरीचा नव्हे. मोरीत मी घाबरलेलो होतो. दुकानात मी गादीवर आरामात बसलो होतो, पुढ्यात पानाचं तबक होतं, आणि ज्या माणसानं माझा दोष स्वतःच्या डोक्यावर घेतला त्याला मी त्याच्या कानावर पडेल असं वाईट म्हटलं.

मग वर्षं गेली. किती सहज जातात, नाही? धंदा वाढला. माझं ते वाक्यही हिंडत राहिलं. 'हात गेलाय त्याचा' हे मी मग गावोगावच्या माणसांच्या तोंडून ऐकलं, अगदी माझ्याच शब्दांत. मी मान डोलवायचो.

गेल्या शनिवारी आमचे होणारे व्याही घरी आले होते. आमच्या मीनाचं लग्न ठरलंय. मुलगा वारणानगरचा, शाळेत मास्तर आहे. लग्न तिकडंच आहे. बोलता बोलता गाड्यांचा विषय निघाला. व्याही म्हणाले, "आमच्याकडं डेअरीला दुधाचा टेंपो घेऊन एक दस्तगीर म्हणून येतो. स्वतःचा टेंपो आहे. इतका सावकाश आणि सांभाळून चालवतो की बघत राहावं. नवरीच्या गाडीला त्यालाच विचारू का?"

माझ्या हातात चहाचा कप होता. मी काही बोलायच्या आत कमल म्हणाली, "अगंबाई, नको. हात गेलाय त्याचा. आमच्या गावच्या मोरीत घातली होती त्यानं गाडी, ह्यांच्यासकट."

माझंच वाक्य. इतकी वर्षं बाहेर हिंडून माझ्या घरात येऊन बसलं होतं, आणि माझ्या बायकोच्या तोंडून माझ्या लेकीला सांगत होतं. मीनानं तर मान डोलावली, अगदी मी डोलवायचो तशी. ते बघून मला जे वाटलं त्याला लाज म्हणतात. मला खरोखर लाज वाटली. तरी मी गप्प बसलो. व्याह्यांसमोर कसं बोलायचं? म्हणजे पुन्हा तेच.

रविवारी सकाळी पहिल्या एस.टी.नं हातकणंगल्याला गेलो. दस्तगीरभाई दारात टेंपो धूत होते. मिशा पांढऱ्या झाल्यात, भुवईवरची खूण आहे तशीच आहे. मला बघून म्हणाले, "या शेठ." पाणी दिलं. मी उभ्या उभ्याच बोलायला लागलो — मोरीचं, दुकानातलं, सगळं. ते टेंपो पुसत ऐकत होते. मग फडकं पिळून ठेवलं आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात म्हणाले, "मला काय सांगताय? मी हुतो की तितं. दोन्ही जाग्याला हुतो. ज्यास्नी खोटं सांगितलंसा त्यास्नी जाऊन सांगा."

घरातून त्यांची बायको बाहेर येऊन बघायला लागली. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच थांबवलं आणि पुन्हा बादली उचलली.

परतीच्या गाडीत काय काय मनात आलं ते सांगत नाही. बहुतेक पळवाटाच होत्या. आधी शाहूपुरीत उतरून तात्यांकडं गेलो. तात्या आता थकलेत, पण कान शाबूत आहेत. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं, मला बसा म्हणाले नाहीत, आणि विमा कंपनीकडून आपण खोटेपणानं पैसे उचलले म्हणून स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. तिथून दुकानात आलो. मीनाचाच बस्ता होता. व्याही, विहीणबाई, त्यांच्याकडच्या बायका, आमच्याकडच्या बायका, शिवाय दुसऱ्या गावचं एक घर. गादीवर जागा नव्हती. कमल शालूचा पदर उलगडून विहीणबाईंना दाखवत होती.

मी उंबऱ्यात उभा राहिलो. चपला काढायचंही सुचलं नाही. म्हणालो, "जरा सगळ्यांनी ऐका. बिद्रीच्या पलीकडं मोरीत गेली ती गाडी दस्तगीर चालवत नव्हता. मी चालवत होतो. आणि त्याचा हात गेलाय हे खोटं मी इथंच बसून सांगितलं, तो बाहेर पायरीवर ऐकत असताना."

व्याह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. दुसऱ्या गावच्या माणसांना काय चाललंय ते कळेना, तीही व्याह्यांकडं बघायला लागली. मीना माझ्याकडं बघत होती. मला वाटलं ती रडेल, पण ती नुसती बघत राहिली, जणू मी कोण आहे ते नव्यानं ठरवत होती. कमलनं पदराची घडी घातली, अगदी सावकाश, आणि विचारलं, "मी त्यांना त्या दिवशी एवढं बोलले, तेव्हा तुम्ही शेजारीच होता ना?"

"होतो," मी म्हणालो.

नंतर ती माझ्याशी बोलली नाही. बस्ता मात्र पुरा झाला. जाताना व्याही माझ्याजवळ थांबले. लग्न मोडतायत की काय असं मला वाटलं. पण ते एवढंच म्हणाले, "गाडीचं तेवढं तुम्ही बघा," आणि एस.टी. स्टँडकडं निघाले.

सोमवारी सकाळी मी उठलो तर घरात कमल नव्हती, मीनाही नव्हती. दोघी हातकणंगल्याला गेल्या होत्या, नारळ आणि कुंकू घेऊन. दुपारी परतल्या. मीनाचा चेहरा उजळला होता. कमलनं मला जेवायला वाढलं, समोर बसली आणि कालपासून पहिल्यांदा बोलली. दस्तगीरभाईंनी तिला बसायला पाट दिला होता. तिनं त्यांची माफी मागितली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. गाडी तात्यांची, तात्यांनी आधीच निरोप पाठवला होता. गाडी न्यायला दस्तगीरभाई तयार आहेत.

"पण एक म्हणालेत," कमल म्हणाली, आणि तिनं त्यांचंच बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "वैनी, तुमच्या लेकीला मी फुलासारखी नेऊन सोडतो. पर शेठ माझ्या गाडीत बसायचं न्हाईत."

"तू काय म्हणालीस?"

"मी बरं म्हणाले."

लग्न गुरुवारी आहे. नवरीच्या गाडीत पुढं बापानं बसायचं, अशी आमच्यात रीत आहे. पुढं मीनाचा मामा बसेल. मी वऱ्हाडाबरोबर मागच्या ट्रकात असेन.